चप्पल घातलेली बाई

अक्का, तुझा फोटो मी केंद्रात लावू दिला नाही. रागावू नकोस. आणि रागावलीस तरी आता माझं काय वाकडं करणार आहेस? परवा शोकसभा झाली. नाना मोठी फ्रेम करून घेऊन आले होते, चंदनाचा हार, उदबत्त्यांचा पुडा, सगळं. खिळा कुठे ठोकायचा तेही त्यांनी ठरवलेलं, अगदी दारासमोर. मी म्हटलं, "नाना, इथे हार घातलेला फोटो लागला की उद्यापासून बाया दारातून हात जोडतील आणि बाहेरच्या बाहेर निघून जातील. एकदा निस्तरलंय ते. पुन्हा निस्तरायला अक्का कुठून आणू?" नाना एकदम हसले, आणि हसता हसता डोळे पुसत त्यांनी फ्रेम पिशवीत घातली. आता ती त्यांच्या घरी आहे. हारासकट.

सभेला आलेल्या नव्या मुलींना काहीच कळेना. मावशी, फोटोला कसली हरकत? म्हणून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. सांगताना वाटलं, हे खरं तर तुलाच एकदा सांगायला हवं होतं. कारण माझी बाजू तू कधी पुरती ऐकून घेतलीच नाहीस. मी दोन वाक्यं बोलले की तू म्हणायचीस, "विमल, चहा टाक." आज टाकणार नाही. आज गुपचूप ऐक.

आपल्या केंद्राची ती खोली म्हणजे जुना जकात नाका. नगरपालिकेने रस्ता वळवला, नाका पुढे गेला, आणि मागे ही एक लांब खोली, एक ओटा आणि रस्त्याकडची उंच भिंत उरली. नाना तेव्हा नगरपालिकेत निवडून आलेले. त्यांनी खटपट करून जागा आपल्या महिला मंडळाला मिळवून दिली. तिथून हाकेच्या अंतरावर धुळ्याच्या बाजाराचं आवार. आवारात मिरच्या निवडणाऱ्या, शेंगा चाळणाऱ्या, सांडलेलं धान्य झाडून काढणाऱ्या बाया, आणि त्यांची लेकरं गाड्यांखाली सावलीला झोपलेली. एकदा बैलगाडी मागे घेताना एका पोरीच्या पायावरून चाक गेलं. तू आणि मी तिथेच होतो. तिच्या आईने फोडलेला टाहो मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी आपलं ठरलं, मंडळाने बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण ही लेकरं गाड्यांखालून उचलून त्या खोलीत आणायची.

खोली झाडली. सतरंज्या घातल्या, झोळ्या बांधल्या, माठ भरला. मी दवाखान्यातली नोकरी सोडून पाळणाघर बघायला येऊन बसले. दारावर हा एवढा मोठा बोर्ड. आणि कोणी येईना! म्हणजे यायच्या, पण कशा? ओट्यापर्यंत यायच्या, डोक्यावरची पाटी खाली ठेवायच्या आणि थांबायच्या. गावात शिरताना तिथे थांबायचं, पाटीत काय आहे ते दाखवायचं, खाकी कपड्यातल्या माणसाने 'जा' म्हटलं की जायचं, ही त्यांच्या पायांची सवय. बोर्ड वाचता कोणाला येत होता? सुपडाबाई तर मला विचारायची, "काय व बई, जकात भरनी पडी का?" मी म्हणायची, अगं जकात गेली, आत ये, बस. ती आत डोकवायची, पाटी उचलायची आणि चालू पडायची. तिची धाकटी नात तशीच ट्रकखाली झोळीत.

नानांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघतो. खोली रिकामी दिसली तर मला ती राखता येणार नाही, टायरवाला दुकानासाठी मागे लागलाय." तेव्हा तू काय केलंस? तू म्हणालीस, "भिंत रंगवू या."

मी तुझ्यावर किती भडकले होते! शाळेत चित्रकला शिकवून शिकवून तुझं डोकं फिरलंय म्हटलं. इथे लेकरं चाकाखाली येतायत आणि तुला रंग सुचतायत. तू शांतपणे म्हणालीस, "विमल, परक्याच्या घरी गेल्यावर तू आधी काय बघतेस? आत आपल्यासारखं कोणी बसलंय का ते बघतेस. आपल्या खोलीत त्यांच्यासारखं कोणी बसलेलं त्यांना रस्त्यावरून दिसतच नाही." तुझं खरं होतं, म्हणून मी आणखी भडकले.

मग तुझी ती शिडी आली. ट्रक रंगवणाऱ्यांकडून उरलेले रंग मागून आणलेस, चुन्यात डिंक खलवलास, नाकाला पदर बांधून सगळी भिंत पांढरी शुभ्र केलीस, आणि त्यावर भिंतभर एक बाई बसवलीस. मांडी घालून बसलेली, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात सूप, पदराखाली झोपलेलं लेकरू. सुंदर होती. मी तेव्हा म्हटलं नाही, कारण तुला म्हणायची सोय नव्हती, तू लगेच शेफारायचीस. पण होती सुंदर. रस्त्याने जाणारे सायकलवाले सायकली थांबवून बघायचे.

आणि महिना कुठला? श्रावण! अगं, रावेरच्या केळीवाल्यांची लेक तू, तुझ्या माहेरी श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्यासाठी घरदार चुन्याने धवळून काढतात, सगळी भावकी जमून रोट खाते. अख्ख्या खान्देशातल्या शेंबड्या पोराला ठाऊक की श्रावणात भिंत पांढरी झाली आणि त्यावर नटलेली बाई बसली की ती कोण. तुला तेवढं सुचू नये? कमाल आहे बाई तुझी.

सकाळी मी कुलूप उघडायला आले तर भिंतीपाशी नारळ, हळदकुंकू, झेंडूची फुलं. रस्त्याच्या कडेला चपलांची रांग. बाया येतायत, हात जोडतायत, गालावर मारून घेतायत, 'कानबाई माय, सांभाळ' म्हणतायत आणि निघून जातायत. तू आलीस तर तुझा चेहरा असा फुललेला! "बघ, आल्या की नाही?" मी म्हटलं, "आल्या. देवळात आल्या. खोलीत एक तरी शिरली का?"

ओट्यावर चढायलाच आता त्या घाबरायला लागल्या. अंघोळ झाली नाही, आज शिवायचं नाही, पाय मातीचे आहेत. आधी जकातीची भीती होती, आता विटाळाची. आणि आमच्या वस्तीतल्या बौद्ध बायांनी तर त्या बाजूने जाणंच टाकलं. माझ्या आईने घरातला देव्हारा स्वतःच्या हाताने नदीत सोडलेला. ती संध्याकाळी मला म्हणाली, "नोकरी सोडून देवळात बसायला लागलीस का गं?" ते वाक्य मला फार लागलं. रडले मी त्या दिवशी. तुला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, चुना फास त्या बाईवर. तर सुपडाबाईच अंगावर आली. "देवीवर चुना? तुना हात झडी जातीन!" नाना घाबरून गेले. आता त्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही, उगाच गावात दंगा नको, म्हणाले. झालं. देवी पुसता येईना आणि देवी असेपर्यंत लेकरं आत येईनात. दिवाळी तोंडावर. टायरवाला एकदा येऊन खोलीची लांबी पावलांनी मोजूनही गेला. आपण दोघी चार दिवस बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तू बोलत होतीस, मी ऐकत नव्हते.

आणि मग तो बाजाराचा दिवस. आवार फुललेलं, दुपारचं ऊन, आणि तू शिडी खांद्यावर घेऊन आलीस. सुपडाबाई ओट्याखाली शेंगांची पाटी ठेवून टेकली होती. तू तिला म्हणालीस, "सुपडाबाई, तुझी चप्पल दे जरा." तिने दिली. तिला वाटलं असेल, अक्काची तुटली. टायरच्या तळव्याची ती चप्पल, अंगठ्याचा पट्टा तुटलेला, त्याला मोठी पिन टोचलेली. तू ती समोर उलटसुलट करून पाहिलीस, ओट्यावर ठेवलीस, आणि शिडी चढून भिंतीवरच्या बाईच्या पायात चप्पल रंगवायला लागलीस.

मांडीखालून पावलाचा तेवढा भाग बाहेर दिसत होता, तिथे. आधी काळा तळवा. मग पट्टा. खाली माणसं जमायला लागली. पानटपरीवरून एक पोरगा ओरडला, "ओ बाई, देवीला चपला घालता काय!" गर्दीत कुजबुज वाढली. एकाने शिडीला हात घातला. मी पळत आले आणि शिडीचे दोन्ही पाय धरून उभी राहिले. अक्का, गर्दीच्या रेट्याने शिडी हलत होती गं! वरून तू म्हणतेस काय, "विमल, हलवू नकोस, रेघ वाकडी जाते." त्या प्रसंगी! मला वाटलं, खाली उतर, तुला बघतेच.

तू शेवटी पिन रंगवलीस. चुन्यात राखाडी कालवून, टोकाशी पांढरा ठिपका देऊन, लखलखीत पिन. आणि तुझा हात बाजूला झाला तशी सुपडाबाई उठली. भिंतीजवळ गेली. आपली चप्पल बघितली, भिंतीवरची बघितली.

"हाई ते मनी चप्पल शे!"

मला वाटलं, आता ही बाई रडते का मारायला धावते. ती गर्दीकडे वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "देवी कव्हय पिन लायेल चप्पल घालस का? हाई आपलीच बाई शे, आवारमाधली." आधी एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या जणी पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की शिडी धरलेला तो माणूसही ओशाळून मागे सरला. आणि त्या हसण्यात सुपडाबाईने मला विचारलं, अगदी भांडायला उठल्यासारखं विचारलं, "तिले बसाले जागा भेटनी, ते आमले कसाले नही?"

ती तरातरा आवारात गेली, ट्रकखालची झोळी सोडली, नातीला कडेवर घेतलं, ओटा चढून आत आली आणि पोरीला सतरंजीवर निजवून म्हणाली, "पाच वाजता पोरले लई जासू." बस्स. एवढंच. तिच्यामागे दुसरी आली, तिच्यामागे तिसरी. संध्याकाळपर्यंत मला झोळ्या कमी पडल्या. माझ्या साडीची झोळी केली, तुझ्या शालीची केली. एक लेकरू बोर्डाच्या फळीवर झोपवलं. नाना आले, दारातून आत डोकावले, आणि मग जाऊन टायरवाल्याला स्वतः सांगून आले की दुसरी जागा बघ.

आता आपला वाद. तू आयुष्यभर सांगत राहिलीस की तुला माहीत होतं, सुपडाबाई असंच म्हणणार. खोटं! साफ खोटं. शिडीवरून उतरलीस तेव्हा तुझे हात थंडगार पडले होते, ते मीच चोळले. दगड बसले असते दगड! पण मी असं म्हटलं की तू म्हणायचीस, "मग चढलेच कशाला असते?"

दुसरा वाद डोळ्यांचा. मी म्हणायचे, ती बाई खाली सुपात बघते, तिने रस्त्याकडे बघावं, येणारीकडे बघून हसावं. नाही तर स्वागत कसलं? तू म्हणायचीस, दारात कोणी टक लावून बघत बसलं की माणूस अवघडतं. घरची बाई कामात असली की आपण खुशाल आत शिरतो, माठातलं पाणी घेतो. मला हे अजून पटलेलं नाही. मध्ये एकदा रंग उडाला तेव्हा डोळे वर करायचे म्हणून मी शिडीसुद्धा आणवली होती. पण बाया म्हणाल्या, राहू द्या, तिचं काम खोळंबेल. तुझ्या बाजूने झाल्या सगळ्या. असो.

त्यानंतर ती भिंत तुझी राहिलीच नाही. प्रत्येकीला काहीतरी हवं असायचं. शेळी काढा. माझ्या लुगड्याचा काठ असा आहे, तिच्या लुगड्याला तोच लावा. मग दुसरी म्हणायची, माझा का नको? म्हणून त्या बाईच्या पदराला किती तरी काठ आहेत, एक संपतो तिथे दुसरा लागतो, आणि प्रत्येक काठ जिचा तिने रंगवलेला. कोणाची रेघ डोंगरासारखी चढते, कोणाची गटारात उतरते. जळगावहून साहेब लोक बघायला आले तेव्हा एक जण म्हणाला, कला म्हणून थोडी सफाई हवी होती. तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो चहा न घेता गेला.

आणि माझी आई आली. अक्का, ते मी विसरणं शक्य नाही. वस्तीतल्या बायांना घेऊन, पांढरं पातळ नेसून, ओट्यासमोर उभी राहिली, भिंतीकडे बराच वेळ बघितलं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी खोचक बोलणार. ती तुला म्हणाली, "पोर झोपलेलीच का ठेवलीय? उठवा की तिला. पाटी द्या हातात." तू म्हणालीस, "तुम्हीच द्या आई." तू ब्रश तिच्या हातात दिलास आणि तिच्या कोपराला खालून आधार दिलास. माझ्या आईने जन्मात कधी रेघ ओढली नव्हती. तिने पाटी काढली, वाकडी, एका बाजूला मोठी, आणि त्यावर खडूचा एक ठिपका. मग घरी घेऊन गेली तुला जेवायला. कळण्याची भाकरी आणि ठेचा. तू तिसरी भाकरी मागून घेतलीस तेव्हा आई चुलीकडे तोंड करून डोळे पुसत बसली, ते धुरामुळे नव्हतं.

मग तुला बोलावणी यायला लागली. जळगावला डाळ मिलच्या बायांनी बोलावलं, चाळीसगावला स्टेशनाजवळच्या बालवाडीने, जामनेरला. तू रंगांची पिशवी घेऊन एस.टी.ने फिरत राहिलीस. पण एक गोष्ट तू कायमची बदललीस आणि ती मला फार आवडली. कुठेही गेलीस की रंगाचा डबा उघडण्याआधी बायांमध्ये जाऊन बसायचीस, आणि कोळशाने रेघ मारून झाली की सगळ्यांना बोलवायचीस, "ही कोण दिसते?" 'देवी' म्हणाल्या की पुसायचीस. 'साहेबाची बायको' म्हणाल्या की पुसायचीस. 'ही तर आमची शांती' म्हणून कोणी ओरडली की मग चुना कालवायला घ्यायचीस. रावेरला तर तुझ्याच माहेरच्या केळीच्या गोडाऊनवर, घड वाहणारी मजूर बाई भिंतभर काढलीस. तुझा भाऊ महिनाभर बोलला नाही. मग त्यानेच तिथे बायांना बसायला छप्पर घालून दिलं. आलीस ती धुळ्याच्या स्टँडवर उतरतानाच हात वर करून, निवडणूक जिंकल्यासारखी. हो गं, जिंकलीच होतीस.

दवाखान्यात शेवटी तुला भेटायला आले तेव्हा वाटलं होतं, काहीतरी मोठं बोलावं. तुझ्या हातापायांच्या काड्या झालेल्या. मी तुझा हात धरून तोंड उघडलं तर तू भिंतीकडे बोट दाखवून म्हणालीस, "हा रंग कोणी निवडला असेल गं? धडधाकट माणूस आजारी पडेल." मी इतकी हसले की नर्सने बाहेर काढलं. त्यामुळे राहूनच गेलं. अक्का, राहिलं ते असं: माझ्या आयुष्यात कोणी मला आपल्यावर इतकं चिडू दिलं नाही. नवऱ्याने नाही, साहेबांनी नाही. तुझ्यावर मी ओरडायचे, आणि तू तुझी ती शिडी माझ्याच हातात द्यायचीस धरायला. मला तू फार आवडायचीस. आता म्हटलं. आता शेफारलीस तर शेफार.

तू गेल्यानंतर आज सकाळी पहिल्यांदा लेकरांसाठी केंद्र उघडलं. मन लागत नव्हतं. तेवढ्यात एक बाई आली. सातपुड्याकडची असावी, पावरा आदिवासी, कालपरवाच कामाला उतरलेली. आपल्यापैकी कोणाचं तोंड तिने कधी पाहिलेलं नाही, भाषाही धड येत नाही. ती ओटा चढली, थांबली नाही. भिंतीकडे तिने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही, अक्का. आपल्याच घरात शिरल्यासारखी सरळ आत आली, माठातलं पाणी प्यायली, रिकामी झोळी बघून लेकरू तीत टाकलं, झोळीला एक झोका दिला, मला डोळ्यांनीच 'बघ गं' अशी खूण केली आणि कामाला निघून गेली. नाव विचारायला मी उठेपर्यंत आवारात शिरलीसुद्धा. मी वेड्यासारखी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीने. रस्त्यावरची माणसं बघत होती.

अजून खूप भांडायचं आहे तुझ्याशी. पण त्या पावरिणीचं लेकरू उठलंय, आणि आवाज असा आहे पठ्ठ्याचा की सगळ्यांना उठवणार. थांब, त्याला घेते आधी.